नदीपलीकडची शेकोटी

आधी जॉर्जने चमचा खाली ठेवला. मग त्याच्या शेजारच्या म्हातारीने. खुर्च्या सरकल्या, काठ्या टेकत एकेक जण उठला आणि व्हरांड्यात निघून गेला. टेबलावर खिरीच्या वाट्या तशाच वाफाळत राहिल्या. विनिता हातात डाव घेऊन उभी होती. काय चुकलं ते तिला उमगत नव्हतं; पण काहीतरी फार वाईट झालंय, एवढं कळलं होतं.

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. सांगलीला आई या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकघरात असे. तांदळाची खीर, उडदाचे वडे, लाल भोपळा, आमसुलाची चटणी. घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन झाली की ती आणखी एक घास वेगळा काढायची, ज्याचं कुणी करणारं नाही त्याच्यासाठी. आई आता स्वतःच गेली होती, श्रावणात. विनिताने भाऊ नंदूला फोन करून विचारलं होतं, इथे आईच्या नावाने पान वाढू का. तो म्हणाला, "ताई, वर्षाच्या आत नाही. आई अजून पितरांत नाही, असं गुरुजी म्हणाले."

मग त्या वेगळ्या घासाचंच करू, असं तिने ठरवलं. दुपारी ती चर्चमागच्या दफनभूमीत गेली. पांढऱ्या क्रुसांवर रंगाने लिहिलेली नावं होती. या म्हाताऱ्या माणसांचे आईबाप, भाऊ, पाठच्या बहिणी. यांच्यासाठी कधी कुणी घास काढला नसेल, असं तिच्या मनात आलं. तिने ती नावं पाठ केली आणि संध्याकाळी वाढून झाल्यावर हात जोडून, आई घ्यायची तशीच, एकेक नाव मोठ्याने, स्पष्ट घेतलं.

तेव्हा जॉर्जने चमचा खाली ठेवला.

या गावाला इथल्या मूळ आदिवासींच्या भाषेतलं जुनं नाव परत मिळालं होतं, पण सगळे त्याला अजून मिशनच म्हणत. गोऱ्या पाद्र्यांनी लाल मातीच्या त्या उजाड माळावर बांधलेलं पत्र्याच्या छपराचं चर्च, वाकलेल्या खांबावरची घंटा, चार खजुराची झाडं, आणि एक लांबलचक दगडी घर. पूर्वी त्यात मिशनच्या मुली ठेवत. आता ते वृद्धाश्रम होतं आणि तिथलं स्वयंपाकघर विनिताकडे होतं. ती सिडनीला कुकरीचा कोर्स करायला आली होती. त्या वर्षांत विमानंच्या विमानं भरून विद्यार्थी येत होते. तिथल्या हॅरिस पार्क भागातल्या फ्लॅटमध्ये एकेका खोलीत चौघीचौघी राहत. एक दिवस कॉलेजच बंद पडलं, दाराला कुलूप दिसलं. मग कुणीतरी सांगितलं, दूर आत, ओसाड भागात, कुणी जायला तयार नसतं तिथे काम केलंस तर कायमचं राहता येईल. निघताना अंजू, तिची रूममेट, म्हणाली होती, "अगं, तिथे माणसं तरी आहेत का? पापड ने बाई जास्तीचे. बोलायला नाही, तर निदान मोडायला होतील."

माणसं होती. आणि संध्याकाळचा फोन होता.

तो किचनच्या भिंतीवर होता. इथे संध्याकाळ होई तेव्हा सांगलीत दुपार असे. आई जेवणाची भांडी आवरून, पदराला हात पुसून नंबर लावायची आणि दोन रिंगा वाजल्या की ठेवून द्यायची. फोन उचलायचा नाही. मी बरी आहे, तू बरी आहेस ना, एवढंच. त्या दोन रिंगांची सगळ्या आश्रमाला सवय झाली होती. खिडकीपाशी व्हीलचेअरवर एक म्हातारी बसलेली असे, सगळ्यांची आंटी; ती न वळताच म्हणायची, "आली तुझी आई."

श्रावणातल्या एका संध्याकाळी फोन वाजला नाही. विनिताने रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. आंटीही त्या दिवशी काही बोलली नाही. सकाळी नंदूचा फोन आला, तो मात्र वाजतच राहिला.

तिला जाता आलं नाही. व्हिसाचं काम अर्ध्यावर होतं. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परतीचं दार बंद झालं असतं. तिने कांदे चिरायला घेतले. तेव्हापासून संध्याकाळची ती वेळ आली की तिला किचनमध्ये उभं राहवत नसे, आणि किचन सोडून जायचं तर जायचं कुठे, तेही कळत नसे.

आज खिरीवरून सगळे उठून गेले तरी आंटी जागची हलली नव्हती.

"गेलेल्याचं नाव असं घेत नाहीत, पोरी," ती म्हणाली. "त्याला वाटतं, आपल्याला हाक मारली. मग त्याचं निघणं राहून जातं."

"मला माहीत नव्हतं, आंटी. आमच्यात उलटं आहे. नाव घेतलं नाही तर ते उपाशी राहतात."

"म्हणजे तुमचे भुकेले आणि आमचे भटके." आंटी हसली. "दोन्हीकडे कटकटच की." मग तिने विचारलं, "तुझ्या आईचं नाव नाही घेतलंस?"

"वर्ष झालं नाही ना. वर्षाच्या आत घेत नाहीत."

आंटीने हात पुढे केला. "मग उलटं कुठंय?" ती म्हणाली. "दे ती वाटी. गार होतेय."

खीर खाता खाता आंटी बोलत गेली. ती याच घरात वाढली. चालता येऊ लागल्यावर थोड्याच दिवसांत तिला आईकडून काढून इथे आणलं होतं. घंटेला उठायचं, घंटेला प्रार्थना, घंटेला नदीवर. नदी म्हणजे वाळूच. तिच्यात खड्डा खणायचा, पाणी झिरपेपर्यंत थांबायचं आणि रॉकेलचे डबे भरून आणायचे. पिठात किडे असायचे, ते निवडताना बोलायची परवानगी असे, पण इंग्रजीत. आपली भाषा तोंडातून निघाली की शिक्षा म्हणून तोंडात साबण. पाण्याविना पाद्रीणबाईचीही दोन बाळं गेली होती. ती रात्री रडायची ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि सकाळी तीच हातात साबण घेऊन उभी असायची. दिवस मावळला की मुलींच्या खोलीला बाहेरून कडी.

"पण खिडकी होती," आंटी म्हणाली. "हीच."

आयांना कुंपणाच्या आत यायला बंदी होती. त्या नदीपलीकडे येऊन बसत आणि अंधार पडू लागला की शेकोट्या पेटवत. प्रत्येकीची जागा ठरलेली. मुली खिडकीला लोंबकळून आपापली शेकोटी शोधत. आंटीची, वाकड्या झाडाच्या डावीकडची.

"एका संध्याकाळी त्या जागी काळोख होता. बाकीच्या सगळ्या पेटल्या होत्या. मला कुणी काही सांगितलं नाही. सांगायला काय हवं होतं? सकाळी घंटा झाली. मी पाणी आणायला गेले."

विनिता ओट्याला टेकून उभी होती. तिने भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं नाही. आंटीनेही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला कुणी तिच्याशी बोलेल, असं विनिताला वाटलं नव्हतं. ती सगळ्यांसमोर हात जोडून उभी राहिली आणि चुकलं म्हणाली. जॉर्जने खूप वेळ टोस्ट चावला. मग म्हणाला, "कालचं ते गोड उरलंय का?"

उन्हाळा चढू लागला तशी आंटी खाटेला लागली. खाट त्याच खिडकीपाशी हलवली होती. एका दुपारी तिचे केस विंचरताना विनिताने विचारलं, "तिथे मी शेकोटी पेटवली तर चालेल?" आंटीने डोळे मिटले. तिला झोप लागली, असंच विनिताला वाटलं. मग आंटी म्हणाली, "डावीकडे. झाडाच्या फार जवळ नको."

भेटायला आलेल्या आंटीच्या भाचीलाही तिने विचारलं. ती म्हणाली, "तिच्या आईची जागा आहे. ती हो म्हणाली ना? मग मला काय विचारतेस."

त्या संध्याकाळी फोनच्या वेळेला विनिता किचनमधून निघाली. कोरडी नदी ओलांडताना चपलांत वाळू भरली. वाकड्या झाडाच्या डावीकडची जमीन बसून बसून चापट झाल्यासारखी होती. की तिला तसं वाटलं. काटक्या लगेच पेटल्या. पलीकडे दगडी घराच्या खिडक्या ओळीने दिसत होत्या. त्यातल्या एकीत दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, विझला.

दोनदा. मग काही नाही.

विनिता खाली बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

मग ती रोज जाऊ लागली. कधी वारा असे, कधी माश्या तोंडावर बसत. स्वयंपाक आधी आटोपून ठेवायचा, काटक्या दुपारीच जमवायच्या. शेकोटी पेटली की खिडकीत दोनदा उजेड येई. परत आल्यावर आंटी म्हणायची, "आज धूर फार केलास," किंवा "ओली लाकडं घेतलीस." एकदा म्हणाली, "ती यापेक्षा मोठी पेटवायची."

भर उन्हाळ्यातला इथला नाताळ जवळ आला होता. त्या संध्याकाळी विनिताने मोठी पेटवली. ज्वाळा कमरेएवढी झाली. खिडक्यांची ओळ समोर होती. ती थांबली. कदाचित झोप लागली असेल. तिने आणखी लाकडं सारली, जळक्या काटक्या हलवून उजेड केला. इतर खिडक्यांत दिवे लागले. ती एक खिडकी काळीच राहिली.

कुणी सांगायला आलं नाही. आगीची राख होईपर्यंत विनिता तिथेच बसून होती.

सकाळी तिने नेहमीसारखं पाणी उकळायला ठेवलं. खिडकीपाशी खाट नव्हती. माणसं एकेक करून आली, आपापल्या जागी बसली. वाट्या मांडता मांडता तिच्या हातून एक जास्त मांडली गेली. सगळ्यांनी ती पाहिली. जॉर्ज काठी टेकत उठला, ती वाटी त्याने उचलली, टेबलावर हळूच पालथी घातली, आणि आपली वाटी विनितापुढे धरली.