साठाव्या वर्षी पहिला सायलेन्सर

मी रायफल बोलतेय. बावीस बोअरची, अक्रोडाच्या दस्त्याची. दचकू नका. मी लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे, आणि माझी काडतुसं दुसऱ्या कुलपात. इथला कायदाच तसा आहे, आणि माझी मालकीण कायद्याहून बोटभर जास्त कडक आहे.

जन्म माझा जर्मनीतला, १९६१चा. शाळा कुणी घातली नाही. डच शिकले हार्मचं ऐकून आणि मराठी करोनाच्या दिवसांत, आयंडहोवनजवळच्या या घरातल्या माडीवरच्या खोलीत. माझ्या भाषेत कुणाला चूक काढायची असेल तर खुशाल काढावी. फक्त समोरून येऊ नये, रायफलीशी वागायची ती पहिली शिस्त.

हार्म म्हणजे माझा आधीचा मालक. गावच्या मैदानाची देखभाल त्याच्याकडे होती. चाळीस वर्षं. मैदानाखालची जमीन रेताड, सशांना बिळं करायला अगदी लोण्यासारखी. खेळणाऱ्यांचे पाय त्या बिळांत जायचे, म्हणून सशांची संख्या आटोक्यात ठेवायचा परवाना हार्मला होता आणि ते काम मी करत होते. मला त्यात गंमत कधीच वाटली नाही, लाजही वाटली नाही. पहाटे जायचं, एका गोळीत काम संपवायचं, घरी येऊन तेलपाणी घ्यायचं.

मग हार्मचे गुडघे गेले, आणि माझ्या नशिबी मृदुला आली.

मृदुला डेल्फ्टला शिकायला आली होती, नंतर इकडे चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत लागली. तिथं तिचं काम म्हणजे धुळीशी वैर. पायापासून डोक्यापर्यंत पांढरा झगा घालून ती दिवसभर एकेका कणाच्या मागे लागायची. विरंगुळा म्हणून क्लबात पिस्तूल चालवायची. तेही बावीस बोअरचंच, ते माझ्या शेजारी असतं आणि फार बोलतं. मैदानाच्या अर्ध्या भागात आता आपली मुलं क्रिकेट खेळतात. तिच्या नवऱ्याचा, सुश्रुतचा, घोटा बिळात मुरगळला तेव्हा हार्म तिला म्हणाला, "शिकाऱ्याची परीक्षा दे. माझ्यामागे ही म्हातारी तू सांभाळ." म्हातारी म्हणजे मी. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये डच पक्ष्यांची नावं घोकून मृदुलानं परीक्षा दिली, पास झाली, आणि माझ्याबरोबर मैदानावरच्या सशांचं कामही तिच्याकडे आलं.

फेब्रुवारी २०२०मध्ये तिच्या सासूबाई, मालिनीबाई, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या आणि विमानं बंद झाली. त्याच उन्हाळ्यात मैदानालगतच्या वृद्धाश्रमाचं पत्र नगरपालिकेत गेलं. म्हातारी माणसं महिनोन् महिने खोल्यांत कोंडलेली, हवेसाठी खिडक्या सताड उघड्या, आणि पहाटे माझा आवाज. कप हातातून पडत होते त्यांच्या. त्यांचं चुकलं नव्हतं.

नगरपालिकेनं बजावलं: पुढच्या एप्रिलपर्यंत आवाज बंद करून दाखवा, नाहीतर मैदानाचं काम काढून घेऊ. काम गेलं की मला बाळगायचं कारण गेलं, कारण गेलं की परवाना गेला. मग मी पोलिसांत जमा. तिथं माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना करवतीखाली घालतात.

उपाय होता सायलेन्सर, तोंडाला लावायची जाडसर नळी. त्यालाही वेगळा परवाना लागतो, तो मृदुलानं कामाचं कारण दाखवून मिळवला. बंदूकवाल्या कारागिरानं माझ्या तोंडावर आटे पाडले. साठीला टेकल्यावर दात कानशीनं घासून घ्यावेत तसं वाटलं, पण सोसलं.

मग निवड. मृदुलाचं घरचं ऑफिस माझ्याच खोलीत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. तिनं तक्ता केला: कुठली नळी किती आवाज खाते, लांबी किती, वजन किती. वजनाला तिनं सगळ्यात जास्त मार्क ठेवले, कारण पुढेमागे पिस्तुलाला लावली तर त्याचं नाक खाली वाकायला नको. पिस्तूल शेजारी फुगत होतं.

हार्म दोन मीटर अंतर राखून बागेत उभा राहिला आणि खिडकीतून ओरडला, "खेळाच्या पिस्तुलाला हे लोक कागद देणार नाहीत. त्याचा विचार करून तू रायफलीचं लग्न कशाला ठरवतेस?"

"मग बघू काय?"

"काडतुसं हळू जाणारी घे. आवाजाच्या वेगापुढे गेलेली गोळी हवेत फटका मारतेच, तो कुठलीच नळी खात नाही. आणि बंद नळी घेऊ नकोस."

हे शेवटचं तिला पटलं नाही. आयुष्य धूळ बाहेर ठेवण्यात गेलेलं. तिच्या लेखी जे पक्कं बंद ते स्वच्छ. तिनं जोडकाम झाळून टाकलेली, वजनाला हलकी, गुळगुळीत नळी घेतली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. माझ्या बोअरची काडतुसं घाणेरडी असतात, बाई! उघडं शिसं, मेण, काजळी. पण माझं कोण ऐकतं.

नळी सुरुवातीला छान चालली. थंडीभर मृदुलानं उघड्या रेंजवर सराव केला, हजाराच्या वर गोळ्या. फेब्रुवारीत माझा नेम बिघडला. वाटाण्याएवढ्या जागेत बसणाऱ्या गोळ्या लिंबाएवढ्या जागेत फाकू लागल्या. "असा नेम असताना सशावर गोळी टाकणार नाही," म्हणाली. "जखमी जीव बिळात शिरला तर?" त्या दिवशी मी तिला मनापासून मालकीण मानलं.

एका दुपारी ती नळी वजनकाट्यावर ठेवून बसली होती. मालिनीबाई चहा घेऊन वर आल्या.

"सोनं मोजतेस का गं?"

"आई, हात नका लावू. याचं वजन चाळीस ग्रॅम वाढलंय."

"आत काहीतरी साठलंय मग."

"कसं साठेल? पूर्ण सील आहे. बाहेरचा कण आत जाऊच शकत नाही."

"बाहेरचा नाही जात. आतला कुठून बाहेर पडतो, ते सांग."

मृदुलानं नळी उचलून डोळ्यापुढे धरली आणि भोकातून आत पाहिलं.

"माझ्या कुकरचं झाकण असंच झाळून टाकलं असतंस," मालिनीबाई म्हणाल्या, "तर त्यातला भात किती दिवस खाल्ला असतास?"

दारात उभा असलेला सुश्रुत हसायला लागला. "आई, तुला हिच्या कंपनीत चिकटवू का?"

"आधी मला विमानात चिकटव. आणि तू हसू नकोस, तक्ता बघून तूच मान डोलावली होतीस."

मृदुलानं दुसऱ्याच दिवशी नव्या कागदासाठी अर्ज टाकला. एका परवान्यावर एकच नळी, तेव्हा जुनी जमा केल्याशिवाय नवी नाही. आठवडे जात होते. रोज टपालवाला आला की मी कपाटात कान टवकारून बसायचे. कागद आला तेव्हा चाचणीला नऊ दिवस उरले होते. दुकानात वेळ ठरवून, मास्क लावून ती एकटी गेली आणि आटे फिरवून उघडणारी नळी घेऊन आली. पोलादाची, जरा जड. आत नऊ चकत्या, प्रत्येक हातात घेऊन घासता येईल अशी. त्या वजनानं माझं तोंड थोडं स्थिर झालं, हे मी कबूल करते. गोळ्या पुन्हा वाटाण्यात.

चाचणीच्या सकाळी नगरपालिकेचा माणूस वृद्धाश्रमाच्या उघड्या खिडकीशी वही घेऊन बसला. मृदुला मैदानाच्या टोकाला, मातीच्या बांधावर लक्ष्याचा कागद लावून. फोन सुरू.

"मॅडम, करा सुरू," तो म्हणाला.

"दहा मारून झाल्या."

फोनवर वहीची पानं चाळल्याचा आवाज आला.

"अकरावी मारा. मी नीट कान देतो."

तिनं मारली.

"मारलीत?"

"हो."

मागून एका आजींचा आवाज आला, "अहो, खिडकी लावा, गारठा येतोय. ती बाई काय उद्या सुरू करणार आहे?"

मैदानाचं काम तीन वर्षांसाठी मृदुलाकडे राहिलं, आणि मी करवतीपासून सुटले. मालिनीबाई त्या शरद ऋतूत पुण्याला परतल्या. मृदुला दर महिन्याला हातमोजे घालून नऊ चकत्या वर्तमानपत्रावर मांडते आणि घासते. माझी स्वतःची, जन्माची नळी झिजलीय, दस्त्यावर ओरखडे आहेत. पण अजून काम सांगा, करते.

आता माझं एवढं ऐका. पहिला सायलेन्सर घ्यायला जाल तेव्हा तो किती शांत, हे दुकानदाराला मग विचारा. आधी विचारा, उघडतो का, आणि तिथंच उघडून दाखव म्हणावं.

साठ वर्षं मी तोंड उघडलं की पाखरं उडायची. आता पाखरं बसलेली राहतात, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. पण बोलायची सवय कुठं जाते? ती हौस इथं तुमच्याजवळ भागवून घेतली.