पेवातली पहिली पाटी

१९८७ च्या दिवाळीनंतर शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावातून ऊसतोडीचा ट्रक गुजरातकडे निघाला. पितांबरआबा चढले नाहीत.

"आबा, काय खाशात आठे? माती?" मुकादम वना हसला.

"दादर शे. पेवभर."

दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. चांगल्या सालची दादर आबांनी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, भरून ठेवली होती. भिंतींना शेणमाती, वर पेंढ्याचे अस्तर, तोंडावर दगड. बंद पेवात दाणेच हवेतला प्राणवायू संपवतात, म्हणून कीड जगत नाही. सून मंदा सातव्या महिन्यात होती. तिचे बाळंतपण उसाच्या फडावर, पालात होऊ नये, म्हणून घर थांबले होते.

घरातले धान्य संपल्यावर पेव उघडले. दिवसभर वारा लागू दिला, मग आतली हवा पाहायला दोराने कंदील सोडला. विझला. दुसऱ्या दिवशीही विझला.

"भरेल पेव शे, विझनारच," आबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कंदील जळत राहिला आणि मुलगा अभिमन उतरला. पहिली पाटी काळी निघाली. कोणी दचकले नाही. भिंतीकडचा दाणा थोडा खराब होतोच. पहिली पाटी ढोरांचीच असते. आबांच्या बायकोने, बेबाबाईंनी, ती म्हशीपुढे ओतली. दुसरीही तशीच आली. तिसरीतल्या दाण्यांचे ढेकूळ झाले होते, आंबूस वासाचे.

"मधला काढ रे!" आबा ओरडले.

"मधलाच शे, आबा." बराच वेळ आत फक्त फावड्याचा आवाज. मग, "खाले वल्लं शे. पानी उनं."

पाणी कुठून आले, हे सगळ्यांना कळले. वरच्या अंगाला पाझर तलाव होता. पुढच्या दुष्काळात विहिरी आटू नयेत म्हणून गावानेच तो खणला होता. आबांनीही माती वाहिली होती. गेल्या साली तो एकदा भरला आणि त्याचे पाणी जमिनीत मुरले. विहिरी तरीही कोरड्याच होत्या.

म्हशीने पाटी हुंगून तोंड फिरवले.

"मामा," मंदाने सासऱ्यांना हळूच विचारले, "वनाभाऊनी गाडी गुजरातमा कोठे उतरस?"

अभिमन वर आला होता. आबा पेवाच्या तोंडावर दगड परत बसवत होते.

मंदा घरात गेली. जात्याची खुंटी तिने गाठोड्यात घातली. जाते नेता येणार नव्हते. गाठोड्यातून खुंटी काढून तिने परत जागेवर ठेवली आणि नुसता तवा बांधला.