खऱ्या मनाने

रेव्हरंड ॲम्ब्रोज हेलवेल म्हणजे केंब्रिजमधलं जुनं खोड. पाद्रीही तेच, गणिताचे शिक्षकही तेच. कॉलेजचा फेलो व्हायचं तर इंग्लंडच्या चर्चचा असल्याच्या प्रतिज्ञेवर सही हवीच, यावर ते तीस वर्षं अडून बसलेले. "कुंपण काढलंत तर शेतात कुणीही शिरेल," असं प्रत्येक सभेत सांगायचे, आणि समोरचा गप्प बसेपर्यंत सांगायचे.

नेमकं त्यांच्याच लाडक्या शिष्याचं घोडं तिथे अडलं. जोसाया थ्वेट हा लँकेशायरच्या विणकराचा पोरगा, घराणं बॅप्टिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या चर्चबाहेरच्या पंथाचं. गणितात अख्ख्या विद्यापीठात पहिला आला होता. कॉलेज त्याला फेलो करून घ्यायला तयार होतं. राहायला खोल्या, जेवण, पगार, आणि काम काय, तर आवडीचं गणित! फक्त सही बाकी होती.

कागद हेलवेलांच्या टेबलावर होता. पिम नावाचा तरुण फेलो शेरीचा पेला घेऊन, पाय पसरून बसला होता.

"अरे बाबा, सही ठोक आणि मोकळा हो," पिम म्हणाला. "मी कुठे रोज देवाला भेटायला जातो? जेवता जेवता केली सही. मासासुद्धा गार होऊ दिला नाही!"

हेलवेलांनाही हसू आलं. जोसाया मात्र वाचत होता.

"सर, यातले दोन शब्द नसते, तर केली असती कदाचित."

"कुठले?"

"'मी खऱ्या मनाने इंग्लंडच्या चर्चचा आहे.' त्यातलं 'खऱ्या मनाने'."

"अरे, त्यातच तर सगळं आलं!"

"मीही तेच म्हणतोय, सर. मन एकच आहे माझ्याकडे. घरी एक आणि इथे दुसरं, असं नाही जमायचं."

"शुद्ध मूर्खपणा आहे हा!" हेलवेल कडाडले. "जन्माचं नुकसान करून घेशील!"

"होय, सर," जोसाया म्हणाला. त्याने टाक जागेवर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि तो निघून गेला. असा पोरगा शंभरात एखादाच निपजतो.

"गेला बिचारा," पिम म्हणाला. "पण तुमचं कुंपण शाबूत राहिलं हो, सर!"

हेलवेल पिमच्या पसरलेल्या पायांकडे बघत राहिले. स्वतःच्या पेल्यातली शेरी त्यांना गोड लागेना.

पुढल्या महिन्यात ही अट रद्द करा, असा अर्ज पार्लमेंटकडे धाडावा का, यावर कॉलेजची सभा भरली. हेलवेल उठले तसे सगळे जांभया आवरून बसले.

"कुंपण तीस वर्षं मी राखलं," ते म्हणाले. "पण कुंपणानेच शेत खाल्लं, हो! खोटं बोलणाऱ्याला ते कधी आडवं आलंच नाही. आणा तो अर्ज इकडे."

पिम कानाशी लागला. "सर, आता काय उपयोग? तो मँचेस्टरला शाळेत पोरं हाकतोय. तो तर गेला."

"गेला नाही, पिम. खरं बोलला म्हणून आपण घालवला," हेलवेल म्हणाले, आणि त्यांनी सही केली.