आढीत ठेवलेला अ‍ॅम्प

मित्रांनो, माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल आहे आणि रुमालावर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. तेवढ्यावरून मला स्टूल समजू नका. मी एक जुना अ‍ॅम्प आहे. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज डासाएवढा. तो मोठा करून सगळ्या हॉलभर पोचवायचा, हे माझं काम होतं.

१९९८ साली मुंबईत शिवा नावाच्या कारागिराने मला जोडलं. साध्या प्लायवूडची पेटी, वर काळं रेक्झिन, आत बारा इंची स्पीकर. त्या स्पीकरचा पडदा कागदाचा असतो. शिवा म्हणायचा, "सगळा जीव ह्या कागदात आहे. ह्याला ओल लागू द्यायची नाही." आणि नशिबाने पुढे मला नेलं कुठे, तर कोकणात!

माझी उमेदीची वर्षं परळला, एका बंद गिरणीच्या आवारातल्या हॉलमध्ये गेली. दर रविवारी दुपारी तिथे रॉक ऐकायला पोरं जमत. खांद्यापर्यंत केस, काळे टी-शर्ट, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. आसपासच्या चाळींना ती वाया गेलेली वाटत. मी मात्र त्यांना समोरून पाहिलं आहे. उड्या मारता मारता कुणी खाली पडला, की अनोळखी हात त्याला उचलत, त्याचा चष्मा शोधून देत आणि मगच पुढे नाच सुरू होई. घरी ज्यांना "हळू बोल" एवढंच ऐकायला मिळे, ती पोरं तिथे येऊन घसा मोकळा करत. त्यांचा राग नेमका कुणावर होता, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तो माझ्यातून बाहेर पडे आणि पोरं हलकी होऊन घरी जात. त्या कामाचा मला अभिमान वाटायचा, आणि आवाजही माझा खणखणीत होता. उगाच विनय कशाला?

तिथेच गिटार वाजवणारा हमझा मला भेटला. रत्नागिरीचा, शिकायला मुंबईत आलेला. पुढे हॉल पाडून तिथे टॉवर उभा राहू लागला, तेव्हा बँडने सामान वाटून घेतलं. मी हमझाच्या वाट्याला आलो आणि ताडपत्रीत गुंडाळून एसटीच्या टपावरून त्याच्या गावी पोचलो.

जयगडच्या रस्त्याला रावजींची आंबा पॅकिंगची शेड होती. हंगाम सोडला तर वर्षभर रिकामी. रावजींची मुलगी दर्शना गाणारी. तिने बापाला पटवलं आणि शेडमध्ये आमचा बँड सुरू झाला. रावजींची अट एकच. "आजान झाली की थांबायचा, आरतीच्या आधी घरी पळायचा. मधी काय ती बोंब मारा." हळूहळू चिपळूणपासूनची पोरं यायला लागली. मुंबईत एकटं वाटणारी जशी यायची, तशीच ही. गावात त्यांना कुणी गंजेडी म्हणे, कुणी सैतानाची पिलावळ. खरं सांगतो, तिथे कोकम सरबताहून कडक काही मी पाहिलं नाही.

पण हमझाच्या मनात एक सल होता. त्याच्या आईने, रझियाबींनी, त्याला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. पोरांच्या त्या गोंधळात बाईमाणसाने जायचं कसं, लोक काय म्हणतील, असं करत दोन-तीन वर्षं निघून गेली.

२००४च्या मे महिन्यात हमझाचे वडील वजीरभाई कुवेतहून सुट्टीवर आले. येताना मुलासाठी व्हिसा घेऊनच आले. "ह्या बाजानं पोट भरायचा नाय. मना तो बाजा घरात दिसता नये," त्यांनी सांगून टाकलं. जूनमध्ये हमझाने जायचं ठरलं. जाण्याआधी शेडमध्ये एकदा शेवटचं वाजवायचं, असं पोरांनी ठरवलं. आणि नवल म्हणजे रझियाबी म्हणाल्या, "ह्या टायमाला मी येतंय."

मित्रांनो, मी किती खूश झालो! त्या माउलीला एकदा तरी मन भरून ऐकवायचं होतं मला.

तोवर मला वजीरभाईंपासून लपवायला हवं होतं. रझियाबींनी फार विचार केला. आपल्याकडे जपायची सगळ्यात नाजूक वस्तू कोणती? हापूस. तो कुठे ठेवतात? आढीत. त्यांनी मला मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यात निजवलं, वर आंबे रचले, त्यावर गोणपाट घातलं. मायेत कुठे कमी नव्हती. पण पिकत्या आंब्यांची ऊब आणि दमट वाफ दिवसरात्र माझ्या अंगात मुरत गेली. एक आंबा नासला, त्याचा रस थेट स्पीकरपुढच्या जाळीतून आत उतरला. माझा कागद भिजलेल्या पापडासारखा झाला.

शेवटचा ट्रक आंबे घेऊन गेला आणि शेड रिकामी झाली. त्या दुपारी रझियाबी खोक्यांच्या थप्पीशेजारी डोक्यावरची ओढणी सावरत उभ्या राहिल्या. पहिलं गाणं मी कसंबसं निभावलं. दुसऱ्यात हमझाने जोर लावला आणि माझा पडदा फाटला. सुरांऐवजी नुसती खरखर. दर्शना गाता गाता थांबली. हमझा माझ्याजवळ वाकला, जाळीतली पेंढ्याची काडी त्याने ओढून काढली आणि त्याला सगळं कळलं.

थप्पीजवळून रझियाबींचा आवाज आला. "हमझा, असाच वाजतो काय रं ह्यो? मी पेंढ्यात ठेवलेला, म्हणून बिघडला तर नाय?"

हमझाने ती काडी मुठीत धरली. "नाय गं अम्मी. ह्यो असाच वाजतो. रॉक म्हंजे असाच, खरखरीत."

शेडमधल्या एकूण एक पोराला खरं ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. दर्शनाने पुन्हा सूर धरला, आणि फाटक्या माझ्यावर हमझाने सगळी गाणी वाजवली. रझियाबी शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं.

हमझा वडिलांबरोबर कुवेतला गेला, तिथेच नोकरीत अडकला. मी रझियाबींच्या पडवीत आलो. दर ईदला दुपारची निजानीज झाली, की त्या माझं बटण दाबतात, थोडा वेळ माझी खरखर ऐकतात आणि बटण बंद करतात.

२००९ साली गणपतीला दर्शना मुंबईहून गावी आली, ती नवा स्पीकर घेऊनच. "काकी, तासाभरात बसवते. मग बघा ह्याचा खरा आवाज!" पाच वर्षं मी ह्याच क्षणाची वाट पाहत होतो. तिने पाना हातात घेतला.

रझियाबींनी माझ्या जाळीवर हात ठेवला. "नको गो बाय. माज्या पोराचा आवाज बदलंल."

दर्शनाने पाना पिशवीत ठेवला.

मित्रांनो, वस्तू कोरड्या जागी ठेवा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात कुणी गात असेल, वाजवत असेल, तर त्याच्या निघायच्या दिवसाची वाट पाहू नका. लोक काय म्हणतील ते म्हणोत. आवाज धड आहे तोवर, दारात उभं राहून का होईना, ऐकून घ्या. मला मात्र आता कुणी दुरुस्त करू नका.