फाट्यावरची बिस्किटं

श्रीगोंद्याच्या डॉक्टरीणबाईंनी संस्कृतीला काट्यावर उभं केलं आणि एकतीस किलो सांगितलं, तेव्हा मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"दिवसभर कोण सांभाळतं हिला?" बाईंनी विचारलं.

"माझ्या जाऊबाई, सविताताई. मी सुप्याला कंपनीत जाते. सकाळी सहाला गाडी, संध्याकाळी सहाला परत."

"खायला काय असतं?"

मी घडाघडा सांगितलं. दुधात चार चमचे साखर. चपातीला तूपसाखर लावून सुरळी. शाळेतून आल्यावर चहा-टोस्ट. दुपारी भात आणि भातावर पुन्हा बटाट्याची भाजी. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी तर वाटीनं. सांगताना माझा आवाज चढत गेला. सात वर्षं या घरात सविताताईंच्या हाताला चव, सविताताईंच्या हाताला यश, हेच ऐकत आले होते. आज पहिल्यांदा कोणीतरी शिकलेलं माणूस त्यांची चूक लिहून देत होतं.

"सहा वर्षांच्या मुलीला हे जास्त आहे," बाई म्हणाल्या. "उपाशी ठेवायचं नाही. जाडी म्हणून हिणवायचं नाही. वजन आहे तिथं थांबलं तरी पुष्कळ आहे, उंची वाढेल तशी ती मापात येईल. साखर, टोस्ट, बिस्किटं बंद. भात, बटाटा कमी. डाळ, उसळ, अंडी, पालेभाजी, ताक वाढवा. आणि पळू द्या तिला."

तो कागद मी घरी नेला आणि मुद्दाम सगळे जेवायला बसल्यावर वाचून दाखवला. थोरले दीर होते, माझे मालक होते. "तुमच्या लाडानं पोरीचं हे झालंय ताई," असं मी तोंडावर म्हणाले. मालकांनी मला डोळे वटारले. मला भांडण पाहिजे होतं. सात वर्षांचं साठलेलं होतं.

सविताताईंनी हातातली भाकरी परातीत ठेवली. मग म्हणाल्या, "पुन्यांदा वाच बरं. हळू वाच."

मी वाचलं. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा माळ्यावर गेला. पोरीसमोर नको म्हणून त्यांनी स्वतःचा चहासुद्धा बिनसाखरेचा केला. ज्या बाईला गोड चहाशिवाय डोळे उघडत नाहीत, ती बाई.

आणि मग जे सुरू झालं, ते मला बघवेना. सकाळी मुगाचं धिरडं. शाळेच्या डब्यात मटकीची उसळ आणि काकडी. दुपारी अर्धी भाकरी, वाटी भरून वरण, भात दोन घास. कधी हुलग्याचे शेंगोळे. मला वाटलं होतं, पोरगी थयथयाट करेल, ताट ढकलेल. कुठलं काय! खुराड्यातलं अंडं संस्कृतीनं स्वतः काढायचं, त्याच्यावर पेन्सिलनं आपलं नाव घालायचं आणि तेच उकडून खायचं, असा खेळ लावून दिला त्यांनी. शेळ्या सोडायला विहिरीपर्यंत पळत जायचं, पळत यायचं. पोरगी हुंदडायला लागली.

मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा तिच्या तोंडात एकच. मोठ्या मम्मीनं हे केलं, मोठ्या मम्मीनं ते सांगितलं. सविताताईंना ती मोठी मम्मी म्हणते. मी नुसती मम्मी. आठ-आठ तास पॅकिंगच्या पट्ट्यापुढं उभं राहून पाय सुजवायचे मी, आणि पोरगी निजायची त्यांच्या मांडीवर. त्यांची स्वतःची दोन पोरं मोठी होऊन नगरला शिकायला गेलेली. आई म्हणून सगळं भोगून झालं होतं त्यांचं. मग माझी एक पोरगीपण त्यांनाच पाहिजे? माझा नुसता जळफळाट व्हायचा. रात्रीच्या जेवणाला ती जास्तीचा भात मागायची आणि नाही म्हणायचं काम माझ्याकडं. दिवसभराचा खेळ त्यांचा, नकार तेवढा माझा.

एके दिवशी सुट्टी झाल्यावर कंपनीच्या गाडीची वाट बघताना समोरच्या टपरीवरून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा घेतला. का घेतला ते मला घेतानाच माहीत होतं.

गाडी मला सोडते त्या वस्तीच्या फाट्यावर संस्कृती आली होती, वस्तीवरच्या पोरांबरोबर खेळत. मी तिला बाभळीमागं नेलं आणि दोन बिस्किटं हातात दिली. तिनं माझ्या कमरेला मिठी मारली. अशी मिठी मला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती.

"मोठ्या मम्मीला सांगायचं न्हाई हां," मी म्हणाले. "कोणी विचारलं तरी माझं नाव घ्यायचं न्हाई."

"न्हाई सांगणार," ती म्हणाली आणि ओठ पुसले. मी सांगायच्या आधीच पुसले.

दोनाची चार झाली. चाराचा पुडा झाला. रोज सहा वाजता गाडी वळणावर दिसली की ती घरून पळत सुटायची. गाडीतल्या बायका म्हणायच्या, "मोनिका, नशीब काढलंस बाई, केवढी माया पोरीची." मी खिडकीतून बघायचे. लाल धुळीतून ती पळत येतेय, आणि मागं ओट्यावर सविताताई एकट्या उभ्या. ते बघून माझ्या जिवाला किती गार वाटायचं, सांगायची लाज वाटते. घरात साखर बंद, आणि मी फाट्यावर पोरीला साखर चारत होते. हे कळत नव्हतं असं नाही. उद्यापासून नाही द्यायचं, असं रोज ठरवायचे.

तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. सविताताई म्हणाल्या, मीबी येते. ठेवणीतलं लुगडं नेसल्या. रस्ताभर पोरीला सांगत होत्या, "आज बघ, बाई तुला शाबास म्हनत्यात का न्हाई."

काटा साडेतेहतीसवर गेला.

डॉक्टरीणबाईंनी तिला उतरवून परत उभं केलं. तेवढंच. सविताताईंचा चेहरा पडला. पोटच्या पोराचा नापासाचा निकाल लागावा तसं झालं त्यांचं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि काय काय खायला देतो ते सगळं बाईंना सांगितलं. अर्ध्या भाकरीचासुद्धा हिशेब होता त्यांच्याकडं.

"हे सगळं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे आणखी कोणीतरी काहीतरी देतंय." मग संस्कृतीला जवळ घेतलं. "बाळा, गोड खाऊ कोण देतं तुला? मी रागावणार नाही."

संस्कृतीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, डोळा मारला नाही, काही केलं नाही. नुसती बघत राहिले. मी तोंड उघडायला पाहिजे होतं, आणि मी गप्प बसले.

"मोठी मम्मी देते," ती म्हणाली. "बिस्किटं देते. रोज."

एकदम स्पष्ट. अडखळलीसुद्धा नाही. तीन महिने ज्या बाईनं तिच्यासाठी स्वतःची जीभ मारली, तिच्या तोंडावर.

बाईंनी सविताताईंकडं बघितलं. सविताताई म्हणाल्या, "व्हय बाई. मीच देते. चुकलं माझं. हितून पुढं न्हाई देनार."

बाई मग त्यांना बोलल्या. चांगलं बोलल्या. पोरीच्या तब्येतीशी खेळताय, उद्या हिला त्रास झाला तर कोण निस्तरणार, सगळं. सविताताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. जे ऐकायला मी सात वर्षं तडफडले ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

एसटी स्टँडवर बाकड्यावर बसलो. संस्कृती पलीकडं नळावर पाणी प्यायला गेली. मी म्हणाले, "ताई, बिस्किटं मी देते."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"दोन महिनं झालं. फ्रॉक कोन धुतं तिचा? खिशात चुरा सापडायचा."

"मग बोलला का न्हाई? घरात सगळ्यांसमोर माझी आब्रू काढायची. मी काढली होती ना तुमची."

एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली.

"सहाला गाडी दिसली की ती माज्या मांडीवरनं उठून पळायची," त्या म्हणाल्या. "माजा घास हातात तसाच ऱ्हायचा. लई लागायचं जिवाला. मग चुरा सापडला आन् बरं वाटलं. म्हनलं, पोरगी बिस्किटासाठी पळती, आईसाठी न्हाई." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तुजी बिस्किटं बंद केली आसती आन् तरीबी ती पळाली आसती, तर मी काय केलं आसतं मोना? म्हनून गप्प बसले. पोरीचं वजन वाढू दिलं मीबी."

आम्ही दोघी पाण्याच्या नळाकडं बघत बसलो. सहा वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि ती पहिल्या झटक्यात शिकली होती.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं गाडीतून उतरले. संस्कृती पळत आली. तिनं माझ्या पिशवीत हात घातला, डबा बाहेर काढला, ओढणी काढली, तळाशी चाचपलं.

"बिस्किट न्हाई आता," मी म्हणाले. "कधीच न्हाई. आन् काल तू खोटं बोललीस, ते माझ्यामुळं. मोठ्या मम्मीला मी खरं सांगितलंय."

ती भोकाड पसरून रडली. माझा हात धरला नाही. चार पावलं पुढं चालत घरी गेली.

तिसऱ्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी गाडीतून उतरले तर रस्त्यावर सविताताई येताना दिसल्या, पोरीला दंडाला धरून. पोरगी पाय घासत होती. माझ्या डोक्यात सणक गेली. माझी पोरगी मला भेटायला हिनं आणायची! एवढं सगळं होऊन माझं मन तसंच.

निम्म्या वाटेत सविताताई थांबल्या. तिचा दंड सोडला, माझ्याकडं बोट केलं आणि मागं वळून घराकडं चालायला लागल्या. पोरगी मधेच उभी. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. मी हाक मारली नाही. पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले.

ती हळूहळू माझ्याकडं आली. पळाली नाही, चालत आली. पिशवीत हात घातला नाही. "मम्मी, आज कोंबडीनं दोन अंडी दिली," म्हणाली. "एकावर तुझं नाव घातलंय."

समोर सविताताई चालत होत्या. एकदाही त्यांनी वळून बघितलं नाही. का बघितलं नाही ते या जगात माझ्याइतकं कुणाला कळणार. मी संस्कृतीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पळ. मोठ्या मम्मीला गाठ."