चिठ्ठीवरची आडवी रेघ

शिंपीणबाईंनी पाय पुढे केला. मी घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"पायडल मारलं की ठणका लागतो, डॉक्टर. शाळेचे गणवेश अडून बसलेत. मशीन बंद म्हणजे घर बंद."

मी दिलेल्या जुन्या गोळीवर त्यांचा रक्तदाब छान होता. मोठ्या दवाखान्यात तपासणीला गेल्या, तेव्हा तिथल्या हृदयतज्ज्ञांनी ती बंद करून बाजारात नुकतीच आलेली गोळी सुरू केली. आम्हा फॅमिली डॉक्टरांची रीत अशी, की वरून आलेल्या चिठ्ठीला हात लावायचा नाही. तीच पुढे लिहीत राहायची. नवी औषधं आमच्या हातात बहुतेक अशीच रुळतात.

शेजारच्या टेबलावरून माझी सून, तीही डॉक्टर, हळूच म्हणाली, "बाबा, सूज उतरायची गोळी जोडून देऊ. सगळे तेच करतात."

दारात ताटकळलेला औषध कंपनीचा माणूस लगेच आत डोकावला. "दोन्ही आता एकाच गोळीत आणतोय आम्ही, मॅडम!"

"म्हणजे उसवणारेही तुम्हीच, टाके घालणारेही तुम्हीच," शिंपीणबाई म्हणाल्या. "मी असा धंदा केला तर गिऱ्हाईक चपला काढील."

मला हसू आलं, पण तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर शंका घ्यायची म्हणजे माझ्यासाठी धाडसच. दुकानात सुटे मागतानाही मला घाम फुटतो. पुस्तकात दोनदा पाहिलं होतं, पाय सुजणं हा याच गोळीचा दुष्परिणाम. तरी वाटत होतं, माझंच वाचण्यात चुकलं असेल. शेवटी तज्ज्ञांना फोन लावला.

"अहो, थोडी सूज यायचीच. दुसरी गोळी द्या," ते म्हणाले. "तुमच्याकडे अजून जुनंच चालतं वाटतं?"

"हो." माझा आवाज चिरकला. "जुन्या गोळीवर दाबही ठीक होता आणि पायही. नव्या गोळीनं यांना जास्त काय दिलं, तेवढं सांगा."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. "बदला हवं तर. जबाबदारी तुमची."

"माझीच. पेशंट माझ्या आहेत."

फोन ठेवला. सून कपाळाला हात लावून बसली. "बाबा, आता ते आपले पेशंट बघणार नाहीत."

"नाही बघितले तर पुन्हा फोन करीन."

कंपनीच्या माणसानं टेबलावर ठेवलेली नमुन्याची पाकिटं मी त्याच्या बॅगेत परत घातली. मग नव्या गोळीच्या नावावर रेघ मारली, खाली जुनीचं नाव लिहिलं आणि शिंपीणबाईंना आठवड्यानं दाब तपासायला यायला सांगितलं. रेघ वाकडी आली, पण ठळक आली.