उदमूर्तियातला वेगळा कप

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं रुपाली म्हणते. बायकोचं बोलणं म्हणून मी आजवर हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही.

२००६च्या सप्टेंबरात इझेव्हस्कला कॉन्फरन्स होती. उदमूर्तिया नावाचा रशियाचा एक प्रांत आहे, मॉस्कोपासून जवळजवळ दिवसभराचा रेल्वेप्रवास, त्याची ही राजधानी. सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या आमच्या लॅबमधली गालिना तिकडचीच. कॉन्फरन्स संपल्यावर ती मला गावी घेऊन गेली. चिखलाचा रस्ता, लाकडी घरं, आणि दारात वाट बघत उभी तिची म्हातारी आई.

चहाची वेळ झाली. घरातल्यांपुढे काचेचे पेले. मला एकट्याला वरच्या फळीवरून काढलेला, टवका उडालेला जुना कप. तळपायाची आग मस्तकात गेली! वर्ध्याकडच्या आमच्या गावात पाटलाकडे आजीसाठी असाच एक कानतुटका कप वळचणीला खोचलेला असायचा. प्यायचा, स्वतः विसळायचा, परत तिथंच खोचायचा. आजोबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तरी तो कप काही हलला नाही. म्हटलं, अरे, इथंही तेच? चहा ओतायच्या आत मी कप पालथा घातला. "पोट बिघडलंय," म्हणालो, आणि दोन दिवस त्या घरचा घास घेतला नाही. म्हातारी ताट घेऊन मागं मागं यायची, मी बॅगेतली बिस्किटं खायचो.

परतल्यावर तर फुशारकीच. क्लेमेंटी भागात भरणाऱ्या आपल्या लोकांच्या बैठकीत किस्सा रंगवून सांगितला. टाळ्या घेतल्या.

परवा लॅबजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांवर, जेवताना गालिना म्हणाली, "नरेश, आई अजून विचारते, तिचं काही चुकलं का? बाबांचा कप होता तो. ते गेल्यापासून कुणाला दिला नव्हता. तू एवढ्या लांबून आलास म्हणून काढला."

दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर ताक देणारीच्याच अंगावर ओतून आलो होतो. अशी लाज वाटली की तिथून उठून पळावं. पण बसलो, आणि सगळं सांगितलं. आजी, पाटील, वळचण. आजी जाऊन वीस वर्षं झाली, हेही. "फोन लाव," म्हटलं. "मला माफी मागायचीय."

तिनं लावला. मी इंग्रजीत बोलत गेलो, ती रशियनमध्ये सांगत गेली. वाटलं, बाई आता फोन आपटणार. आपटावाच, माझी तीच लायकी.

थोड्या वेळानं गालिनानं फोन कानापासून जरा दूर धरला. "आई आज चर्चमध्ये तुझ्या आजीच्या नावानं मेणबत्ती लावते म्हणतेय. नाव काय त्यांचं?"

"कमलाबाई," मी म्हणालो.

गावानं तिला जन्मभर कमळी म्हणून हाक मारली. त्या म्हातारीनं मात्र, नीट यावं म्हणून, "कमलाबाई, कमलाबाई" असं तीनतीनदा घोकलं, बरोबर आलं का तेही विचारलं, आणि माझी मान काही वर होईना.